उचकीची दुसरी जागा

आमच्या दाजीएवढा बोलका माणूस उमापुरात न्हाई, अन् त्यांनी जिंदगीत सगळ्यात जास्ती मेहनत घेतली ती अशा भाषेवर, जी अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला येत न्हाई. दाजी म्हंजी माझ्या थोरल्या अक्काचे मालक. गावातला पयला एसटीडी बूथ त्यांचा. बीडला नेट कॅफे निघाला तसे दर रविवारी एसटीनं तिकडं जायचे अन् मला संगं न्यायचे. मी काय, चौथीत इतक्यांदा बसलो की शेवटी मास्तरच बदली मागून गेले.

त्या भाषेचं नाव लोजबान. कुणा हुशार लोकांनी बसून बनवलेली. तिच्यात नवा शब्द करायचा म्हंजी जुन्या शब्दांचे तुकडे तोडायचे अन् एकमेकाला जोडायचे, मी पंक्चरला ठिगळ लावतो तसं. फरक एवढाच, की त्यांचं ठिगळ टिकायचं. पण खरं काम पुढं. शब्दाच्या जागा ठरवाव्या लागतात. पयल्या जागी कोण, दुसऱ्या जागी कुणाचं, तिसऱ्या जागी कशापायी. जागा ठरल्या न्हाईत तर शब्द कच्चा. दाजीनं फुकट चहा पिणाऱ्याचा शब्द केलता. पयल्या जागी पिणारा, दुसऱ्या जागी चहाचा मालक, तिसऱ्या जागी सांगितलेलं निमित्त. अन् नमुना म्हणून बोट माझ्याकडं!

अक्का चुलीपासून वरडली, "माझ्या भावाचा शब्द करता व्हय? कावून?"

"अगं, तिसऱ्या जागेला रोज नवं निमित्त आणतो," दाजी म्हणले, "असला गडी दुसरा कुठं मिळंल?"

मी हसलो अन् अजून अर्धा कप मागितला.

नेटवर देशोदेशीची माणसं हे शब्द बघायची, पटला तर होकार द्यायची, मंग तो कोशात जायचा. दाजीचा एकबी गेला न्हाई. अक्का म्हणायची, "एक तरी जाऊ द्या, नारायणगडावर नारळ फोडते." नारळ राहिला. तापाचं निमित्त झालं अन् अक्काच गेली.

त्याच्यामागं दाजीनं एकच शब्द धरला. उचकीचा. आपल्याकडं उचकी लागली म्हंजी कुणीतरी आठवण काढतंय. एकेकाचं नाव घेत जायचं, ज्याच्या नावावर थांबली, तो. पयली जागा उचकी लागणाऱ्याची, दुसरी आठवण काढणाऱ्याची. कॅफेत उत्तरं आली तवा दाजीचा चेहरा किती दिसांनी फुलला. लोकांना शब्द लई आवडलता. फक्त एकाचं म्हणणं होतं, दुसऱ्या जागी माणूस जिवंतच पायजे, तेवढं लिवा. बाकीच्यांनी मान डोलावली, तेवढं लिवलं की आमचा होकार.

मी खुर्चीतून उडालोच. "मंग लिवा की दाजी! एका ओळीनं काय जातंय? जाऊ गडावर, अक्काचा नारळ फोडू!"

दाजी माझ्याकडं वळले.

"अन् तिला कुठं बसवू बे?"

दाजीनं ती ओळ लिवली न्हाई. शब्द मागं घेतला अन् उठले. "राहू दे भाईर," एवढंच म्हणले.

परतीच्या एसटीत गढी गावाच्या पुढं दाजीला उचकी लागली. मी येड्यावानी नावं घ्यायला सुरू. त्यांची म्हातारी आई, पुण्याची लेक, चकलांब्याचा व्याही, घाईघाईत त्या कॅफेवाल्याचंबी घेतलं. उचकी थांबंना. एकच नाव उरलं, ते काही माझ्या तोंडातून निघंना. शेवटी बूच काढून पाण्याची बाटली पुढं केली.

दाजीनं बाटली हातानं बाजूला सारली, खिडकीकडं तोंड फिरवलं.

"थांब," म्हणले, "लागू दे जरा."