गुंड्याच्या कण्या

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. देवापुढं हात जोडून उभी राहिले तरी मनातल्या मनातसुद्धा पुरतं बोलले नाही — अर्ध्यावर यायचं आणि मी दुसरंच काहीतरी मागायचे. माणसांसमोर मला मुळातच बोलता येत नाही. चारचौघांत कुणी नाव विचारलं तरी पदर तोंडाशी जातो. शाळा चौथीपर्यंत. पण लिहिता येतं, आणि लिहिताना समोर कुणाचा चेहरा नसतो. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. तेच बरं आहे.

कुत्र्याची गोष्ट आहे. हसू आलं तर हसा. सुरुवात हसण्यासारखीच आहे.

टिळकवाडीत आक्कांच्या घरी मी स्वयंपाकाला होते. आक्का म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची म्हणून मीही. यजमान गेलेले, एकुलती एक मुलगी विद्या पुण्याला. घरात त्या आणि गुंड्या. गुंड्या गावठीच, तांबूस रंगाचा, एक कान कायम पडलेला. पिल्लू असताना इतका गोल होता की शेजारच्या कानडी काकू त्याला गुंडू, गुंडू म्हणायच्या. त्याचाच गुंड्या झाला. मी माझ्या गावाहून, मच्छेहून, सकाळच्या बसनं यायचे. फाटकाची कडी काढायच्या आत तो पायरीवर उभा असायचा. भुंकायचा नाही. नुसता उभा राहायचा आणि सगळं अंग हलवायचा. माझ्या येण्यानं कुणाला इतका आनंद होतो — हे मला कुठं माहीत होतं तोवर?

म्हातारपणी त्याचे दात पडायला लागले. दुकानातल्या गोळ्यांच्या खाण्याकडं तो बघेना. दूधभात दिला तर हुंगून बाजूला व्हायचा. डॉक्टर म्हणाले, घरचं मऊ शिजवून घाला, मीठ-कांदा नको. आक्कांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "शोभे, तूच काहीतरी कर गं बाई. माझं तर मेलं ऐकतही न्हाय हे."

मी काय केलं, तर माझ्या आईनं आम्हाला जे घातलं तेच केलं. आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. जाताना मडकं वैलावर ठेवून जायची. वैल म्हणजे मोठ्या चुलीच्या कडेची धाकटी चूल — तिथं जाळ येत नाही, नुसती धग येते. ज्वारीच्या कण्या रात्रभर ताकात भिजवलेल्या असायच्या. सकाळी त्या मडक्यात पडायच्या आणि आम्हाला भूक लागेतो हळूहळू शिजत बसायच्या. ढवळायला कुणी नसायचं. आई संध्याकाळी यायची, तिच्या अंगाला तंबाखूचा वास आणि मडक्याला तो आंबूस, गोडसर वास. अजूनही डोळे मिटले की दोन्ही वास एकदम येतात.

आक्कांच्या मागल्या दारी आंघोळीच्या पाण्याची चूल होती. घरात गिझर असून त्यांना चुलीवरचंच पाणी लागायचं. तिला वैल होता, आणि तो रिकामाच असायचा. मी घरून एक मडकं आणलं. संध्याकाळी निघताना कण्या ताकात भिजत घालायच्या. सकाळी पाण्याच्या हंड्याखाली नारळाच्या करवंट्या पेटवल्या की त्या वैलावर चढवायच्या. त्यात मटणाचे तुकडे, तांबडा भोपळा, चिमूटभर हळद. मग माझं सगळं काम होईपर्यंत तिकडं बघायचं नाही. शेवटी हाडं काढून टाकायची, मांस बोटांनी सोडवायचं आणि कोमट झालं की हातानं कालवायचं.

पहिल्या दिवशी गुंड्यानं ताट चाटून भिंतीपर्यंत ढकलत नेलं.

तो वास गल्लीभर जायचा. एकदा गवळ्यानं फाटकातून विचारलं, "आक्का, वास लई भारी येतोय. कुणाचं डोहाळजेवण हाय?"

"कुत्र्याचं," आक्का म्हणाल्या. "बस तूबी पंगतीला."

"पुढच्या जल्मी तुमच्या दारात कुत्रं म्हणूनच येतो बघा," तो म्हणाला. आक्का इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

ते दिवस मला फार आठवतात. उन्हं परसात उतरलेली, मडक्यातून बुडबुड आवाज, मी भाजी निवडतेय आणि गुंड्या माझ्या पायाशी, हनुवटी माझ्या पावलावर. कुणाशी बोलायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही. मी त्याच्याशी मात्र बोलायचे. लई बोलायचे. घरातल्या कुणाशी बोलले नसेन एवढं.

ताकाचं मी आक्कांना कधी सांगितलं नव्हतं. गुडघ्यांमुळं त्या मागल्या दारी येत नसत. आंबट ऐकून नको म्हणतील, असं मला वाटलेलं. तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं — नुसता भिडस्तपणा.

मग आक्का न्हाणीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. विद्या धावत आली. दवाखाना झाला, घरी आणलं, आणि ठरलं की आक्कांनी आता पुण्यालाच राहायचं.

गुंड्याचं काय? — हे अजून कुणी बोललं नव्हतं. पण माझं उत्तर तयार होतं. मी घरी पडवीचा एक कोपरा झाडून ठेवला होता, जुनं पोतं धुऊन वाळवलं होतं. नवऱ्यालाही विचारलं होतं. तो म्हणाला, "आण की. कोण न्हाय म्हणतंय?" आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आक्का, त्याला माझ्याकडं ठेवा. एवढंच. ते वाक्य मी रोज बसमधून घेऊन जायचे आणि रोज तसंच परत आणायचे. फाटकाशी आलं की जीभ टाळ्याला चिकटायची. कुत्रं त्यांचं. मी कोण मागणारी? आणि मनात एक असंही होतं — त्यांना दिसत नाही का तो कुणाचा आहे ते? त्यांनीच विचारावं की.

त्यांनी विचारलं नाही. विद्या म्हणाली, "गुंड्यालाही नेतोय. आई त्याच्याशिवाय राहायची नाही. शोभाताई, त्याचं जेवण मला नीट शिकवा हं."

आता मी ते लिहिते.

विद्या परसात आली. चांगली पोर. मला कधी नुसत्या नावानं हाक मारली नाही. मोबाइल धरून म्हणाली, तुम्ही करा, मी व्हिडिओ घेते. मी तोंड फिरवलं, तशी लगेच मोबाइल ठेवून दिला आणि पायरीवर बसली. सगळं विचारून घेतलं. कण्या किती, मटण किती, भोपळा कधी. मी सगळं खरं सांगितलं. मग ती म्हणाली, "आणि?"

"आणि काय न्हाय," मी म्हणाले. "पाणी घालायचं नि कुकरला लावायचं."

माझ्या पाठीमागं वैलावर मडकं शिजत होतं. ती म्हणाली, "मग तुम्ही चुलीवर का करता?"

"गॅस वाचतोय म्हणून."

"हे मडकंच नेऊ का? त्याला सवय असेल."

"कशाला? कुठलंबी भांडं चालतंय."

ताकाचं सांगितलं नाही. धगीचं सांगितलं नाही. मला माहीत होतं, कुकरातल्या त्या गिळगिळीत गोळ्याला तो तोंड लावणार नाही. एकदा गडबडीत मी तसं केलं होतं, तेव्हा दिवसभर उपाशी राहिला होता. तो खाणार नाही, मग ते त्याला परत आणतील, माझ्याकडं देतील — असं मी धरलं होतं. ऐन वेळेला तोंडातून निघून गेलं, असं इथं लिहिणार होते. खोटं आहे ते. आदल्या दिवशी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ठरवलं होतं. मागायला जीभ उचलली नाही. फसवायला उचलली.

गाडीत गुंड्या मागच्या सीटवर बसला. मी काचेला हात लावला, त्यानं आतून काच चाटली. दुपारी आक्कांचा फोन — "कोगनोळीचा टोलनाका ओलांडला गं, अजून मागंच बघत बसलाय." मी म्हणाले, बघंल बघंल आणि झोपंल.

मग फोन यायला लागले. खात नाही. हुंगतो आणि कोपऱ्यात जाऊन बसतो. विद्या विचारायची, शोभाताई, माझं काय चुकतंय? कण्या वेगळ्या आहेत का? तिनं आमच्याकडच्या ज्वारीच्या कण्या मुद्दाम मागवून घेतल्या. मी म्हणायचे, काय चुकत न्हाय, सवय व्हईल. फोन ठेवला की मला — हे लिहायला हात उचलत नाही — बरं वाटायचं. माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही तो. असं माझ्या वाट्याला कधी आलं होतं?

मग एक दिवस विद्या म्हणाली, "सलाईन लावलंय. जरा हुशारी आली की त्याला तुमच्याकडेच आणून सोडते. आईही हो म्हणालीय. ठेवाल ना?"

ठेवाल ना! मी व्हय म्हणाले. ऐकू येणार नाही इतक्या हळू, पण म्हणाले. झालं होतं माझ्या मनासारखं. आता तरी सांगायचं की नाही? ताकात भिजवा, मंद गॅसवर ठेवून द्या, चार घास खाऊन ताकद तरी येऊ दे त्याला — सांगायला किती वेळ लागला असता? पण मनात आलं, खायला लागला तर मग कशाला आणतील? ठेवूनच घेतील. आणि मी गप्प बसले. पहिल्या वेळी मी त्याच्या भुकेचा नीट विचार केला नव्हता, असं एखादा म्हणेल. या वेळी केला होता. उपाशी आहे हे माहीत असून गप्प बसले.

पोतं पुन्हा धुतलं मी. उन्हात टाकलं.

तो आला नाही. पुण्यातच गेला. म्हातारा होता, कधीतरी जायचाच, असं माझा नवरा म्हणाला. त्याला यातलं काही माहीत नाही. पोटात अन्न नसताना गेला, हे मला माहीत आहे.

काही दिवसांनी आक्कांचा फोन आला. आवाज बारीक झालेला. म्हणाल्या, "शोभे, मी त्याला तुझ्याकडंच ठेवणार होते गं. पण तू काही बोलली न्हाईस. वाटलं, गरिबावर कशाला भार टाका. मला कळायला पाहिजे होतं. तुझ्यासाठी झुरून जीव सोडला बघ त्यानं. मीच तोडलं तुम्हाला. मला माफ कर."

आक्का रडत होत्या. वयानं माझ्या आईएवढ्या. सांगायचं होतं तर तेव्हा सांगायचं होतं. मी म्हणाले — आणि माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही — "असू द्या आक्का. तुमचं काय चुकलं न्हाय. मी मनात काय ठेवत न्हाय."

त्या आणखी रडल्या. किती मोठं मन गं तुझं, म्हणाल्या.

आक्का आहेत अजून. सणासुदीला फोन करतात. इकडचं तिकडचं बोलून झालं की गुंड्याचा विषय निघतो, आणि दर वेळी माझ्या मोठ्या मनाचं बोलतात. मी ऐकून घेते.