आईच्या ओट्यावर

झाशीच्या कचेरीबाहेर बसून मी अर्ज लिहीत असे, आणि माझा मसुदा पाहून वकीलही नरमत. चाळिशीनंतर मी ख्रिस्ती झालो, तेव्हा लक्ष्मी गेटजवळ धाकट्या भावाकडे राहणाऱ्या आईने माझ्या हातचे पाणी सोडले. तिने ते पुन्हा घ्यावे, म्हणून मी रोज प्रार्थना करी: आधी वस्तुस्थिती, मग सबळ कारणे, शेवटी सविनय विनंती. ती ऐकून एकदा पाद्रीसाहेब म्हणाले, "मुन्शीजी, प्रभु को इतना समझाते हो, कभी उसकी भी सुनते हो? माँ का आदर करो, बस। वह पानी ले या न ले।"

त्या दिवसापासून कचेरी सुटली, की मी थकलेल्या पायांनी आईकडे जाऊ लागलो. ती मला बाहेर ओट्यावर बसवी आणि आतून कचेरीतल्या भानगडी विचारी. बोलून घसा सुकला, की भावजय वरून माझ्या ओंजळीत पाणी ओती.

एकदा आईने विचारले, "रोज येतोस, कंटाळत नाहीस?"

"कंटाळतो."

"मग कशाला येतोस?"

"देवाचा हुकूम आहे."

"तुझ्या त्या नव्या देवाचा?"

मी हो म्हटले.

"उद्या जरा लवकर ये," ती म्हणाली.

पाणी तिने अखेरपर्यंत घेतले नाही. मी मात्र जात राहिलो.