बाहेर राहिलेली कुपी

प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत. एकोणीस वर्षं तिचं काम एकच: मेंदूच्या पेशींना इजा करणारं एक एन्झाइम घ्यायचं, त्यात नवं रसायन मिसळायचं आणि एन्झाइम थांबतं का ते पाहायचं. थांबवणारं रसायन सापडलं, तर पुढे त्यातून कंपवाताचं औषध होण्याची आशा. तिचा धाकटा भाऊ शिंपी. तीन वर्षं त्याचे हात थरथरत होते. सुईत दोरासुद्धा भावजय ओवून द्यायची.

एका दुपारी यंत्राने आकडे दिले आणि ताई उडालीच. एका रसायनाने एन्झाइम जवळजवळ पूर्ण थांबवलं होतं! प्रमुख बाई धावत आल्या. ताईला राहवेना, तिने भावाला फोन लावला. "अरे, सापडलं बहुतेक!"

मग टेबल आवरताना तिला ती रिकामी कुपी दिसली. एन्झाइमच्या दोन कुप्यांपैकी ही सकाळपासून बर्फाबाहेर राहिली होती, आणि चाचणीच्या ताटलीत रसायन घातलेल्या खान्यांत तिने नेमकी हीच ओतली होती. रसायनाने काहीच केलं नव्हतं. एन्झाइम उबेने आधीच निकामी झालं होतं.

कुपी तिने कचऱ्यात टाकली. उद्या सांगू, मनाशी म्हणाली. त्या उद्याचे अकरा दिवस झाले. दोन नव्या मुली त्या रसायनामागे राबत होत्या, आकडे जुळेनात. "आमचाच हात बसत नाही, ताई," त्या म्हणायच्या. ताई मान खाली घालून काचेची भांडी धूत राहायची.

बाराव्या दिवशी त्यातली एक रडायला लागली. तेव्हा ताई उठली आणि बाईंना सगळं सांगून मोकळी झाली.

"कुपी कधी माझ्याकडूनही बाहेर राहिलीय गं," बाई म्हणाल्या. "पण त्या पोरी स्वतःला मूर्ख समजत होत्या आणि तू नुसती बघत होतीस?"



घरी भाऊ बंद ठेवलेल्या शिलाई मशीनला तेल घालत होता. तिने सांगितलं, तसा तो थांबला.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

तो म्हणाला, "मी गिऱ्हाइकांना औषध येतंय, थांबा म्हटलंय. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"मी सांगते."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या गिऱ्हाइकांकडे घरोघर गेली. एका दारात एका गिऱ्हाइकिणीने कौतुकाने विचारलं, "औषध शोधणाऱ्या ताई त्या तुम्हीच ना?"

धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

"मीच," ती म्हणाली. "पण औषध नाही सापडलं. त्याच दिवशी कळलं होतं, मी लपवलं."