पहिली तार

लिअँडर पेटवे आणि ओडेल गॅस्किन्स एकमेकांना पाण्यात पाहत, हे डेट्रॉइटच्या पश्चिम भागात कुणाला सांगावं लागत नसे. लिअँडर शहराच्या बसगाड्यांचा मेकॅनिक, वय एक्केचाळीस, नखांत कायमचं काळं ग्रीस. ओडेल मेबलच्या बारमध्ये दर रविवारी दुपारी वाजवणाऱ्या जॅझ बँडचा बासवाला, आणि मालकिणीहून जास्त मालक. साठी उलटली तरी जिभेची धार गेली नव्हती. बँडचा गिटारवाला मुलीकडे अटलांटाला निघून गेला आणि त्याची खुर्ची रिकामी झाली. त्या खुर्चीसाठी लिअँडरने अकरा वर्षं घातली होती.

ती वर्षं गेली एका टेपवर. हॉलिस ट्रेमेन, याच गल्ल्यांतून निघालेला सगळ्यात मोठा गिटारवादक, ऐन तिशीत मोटार अपघातात गेला. मागे राहिला टीव्हीवर थेट दाखवलेला एकच कार्यक्रम, बावीस मिनिटांचा, धुरकट. लायब्ररीत त्याची टेप होती. लिअँडर दर शनिवारी जाऊन ती बघे, थांबवी, मागे नेई, हॉलिसचं एकेक बोट कुठे पडतं ते वहीत उतरवून घेई. पडद्याच्या कडेला तरुण ओडेल बास घेऊन उभा दिसे. पडद्याच्या तेवढ्या भागावर लिअँडर हात आडवा धरी.

एक गोष्ट त्याला लवकर उमगली. हॉलिस पहिल्या, सगळ्यात बारीक तारेला हातच लावत नाही. उंच सूर हवा असला की दुसऱ्याच तारेवर बोटं पार वर नेतो, म्हणून त्याचा आवाज इतका जाड आणि गोड. हे गुपित फक्त आपल्याला कळलं, याचा लिअँडरला भारी माज होता. त्याच्या गिटारीची पहिली तार न वाजवता गंजून गेली होती.

मेबलकडे रिवाज असा की खुर्ची हवी असेल त्याने रविवारी सगळ्यांदेखत बँडबरोबर वाजवायचं. माणूस पसंत नसला की ओडेल मधेच बास थांबवी. पायाखालची फळी काढल्यासारखा तो माणूस कोसळे, आणि तळलेले मासे खाणारी मंडळी खदखदून हसत.

लिअँडरने हॉलिसचा तुकडा वाजवला, सूर न् सूर तसाच. दुसऱ्याचं जसंच्या तसं वाजवणं तिथे चोरीच समजत. चालीच्या दुसऱ्या फेरीला बास थांबला. लिअँडरचे हातही थांबले, आणि लोक हसले.

"बसवाल्या, पहिल्या तारेशी काय वैर आहे रे तुझं?" ओडेलने विचारलं.

"हॉलिस तिला हात लावत नसे," लिअँडर ताठ मानेने म्हणाला. "तुम्ही शेजारीच उभे होतात. बघितलं नाहीत वाटतं."

ओडेल हसला. याला पुरता झोपवायचा, या नादात चौतीस वर्षं पोटात ठेवलेलं त्याच्या ओठांवर आलं. "लावणार कसा? तार होती कुठे? कार्यक्रमाआधी पाच मिनिटं मीच कापली. नव्या तारांचं पाकीटही माझ्याच खिशात. फार माजला होता. म्हटलं, पडू दे सगळ्या शहरासमोर तोंडावर."

लिअँडरच्या कानांतून वाफा निघाल्या. अकरा वर्षांचे शनिवार एका तुटक्या तारेपायी. गिटार थेरड्याच्या डोक्यात घालावी असं त्याला वाटलं. पण ओडेलचंही हसू उतरलं होतं. आपण काय बोलून गेलो ते त्याला आता कळत होतं.

"म्हणजे मी हॉलिसचा नाही, तुमचाच चेला निघालो," लिअँडर म्हणाला. "आणि तो पडला नाही ना? त्याचं सगळ्यात चांगलं वाजवणं तुमच्या जळफळाटातून निघालं. अजून झोप लागत नसेल तुम्हाला."

ओडेलने पुन्हा सुरुवात करायला एक ते चार आकडे मोजले, ते इतके झपाट्याने की भल्याभल्यांची बोटं अडकावीत. लिअँडर वहीबिही सगळं विसरला आणि नुसत्या रागाने वाजवत सुटला. पहिल्या तारेकडे हात काही गेला नाही, सवयच नव्हती. तिसऱ्या फेरीला बास थांबला. या खेपेला लिअँडर थांबला नाही. ड्रमवाल्याने एकदा ओडेलकडे पाहिलं, एकदा लिअँडरकडे, आणि तो लिअँडरबरोबर गेला. चौथ्या फेरीला ओडेलला मुकाट्याने साथीला परत यावं लागलं. मेबलकडे हे कुणी कधी पाहिलं नव्हतं.

बासवर खोळ चढवताना ओडेल त्याच्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या रविवारी तीनला ये. काळे बूट घाल. तू मला अजिबात आवडत नाहीस."

"पहिली तार नवी बसवून आणू?"

"आण," ओडेल म्हणाला. "मी कापीन."