मकदूम मिस्त्रींचं फुटाला इंच घर

मकदूम मिस्त्रींनी घर बांधलं, पण आधी प्लायवुडचं बांधलं आणि त्यातच वर्ष घालवलं. ते वर्ष कसं गेलं हे माझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही, कारण त्या घराला लागलेला प्रत्येक तुकडा माझ्या दुकानातून गेला. विजापूर वेशीजवळ माझं प्लायवुड-हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत मिस्त्री आणि त्यांची बायको, जाहिदाभाभी, भाड्याने राहतात.

मिस्त्रींनी उभी हयात हैदराबाद रोडला ट्रकच्या बॉड्या बांधल्या. चासी नुसती यायची, चाकं आणि वर सांगाडा. तिच्यावर केबिन, बाजूचे फाळके, पत्रा चढवून मिस्त्री तिची गाडी करायचे. माणूस गोड, पण कामात भयंकर हट्टी. मालक दारात येऊन कितीही ओरडला तरी अर्धी बॉडी कारखान्याबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. नवीन नमुन्याची गाडी असली की आधी पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा साचा करायचा, त्याला ते फर्मा म्हणायचे. फर्मा मनासारखा झाल्याशिवाय खऱ्या लाकडाला करवत लागणार नाही. यावरून लोक त्यांचं कौतुक करायचे. मला विचाराल तर त्या कौतुकानेच त्यांचा घात केला.

कंबर धरली आणि मिस्त्री घरी बसले. त्याच सुमारास भाभींनी लकडा लावला, की आता आपाला आणायचं. आपा म्हणजे भाभींची थोरली बहीण, झीनतआपा. टेंभुर्णीला दिराच्या मुलाकडे राहायच्या. नवरा मागेच गेलेला, मूलबाळ नाही. दिराच्या मुलाचं हायवेला टायरचं दुकान, मागे राहायची एवढीशी जागा. पोरगा वाईट नव्हता, पण आपांची खाट पुढच्या पडवीत, रस्त्याच्या तोंडावर. दिवसभर गाड्यांचा धुरळा, आणि आपांना दमा.

आपांना इथं आणावं तर आमचा जिना लोखंडी आणि उभा, त्यांचे गुडघे गेलेले. तळमजल्याची एखादी खोली भाड्याने बघू का, असं मी म्हटलं, तर मिस्त्री माझ्यावरच डाफरले. स्वतःचा प्लॉट असताना बायकोच्या बहिणीला भाड्याच्या खोलीत ठेवायचं, हे त्यांच्या इज्जतीत बसेना. प्लॉट होता खरा, मजरेवाडीच्या पुढं, बरीच वर्षं घेऊन ठेवलेला. पैशाचीही अडचण नव्हती.

भाभी एके दिवशी दुकानात माझ्यासमोरच म्हणाल्या, "एक खोली टाका आधी. पत्र्याची असू द्या की. आपा आली म्हंजे बाकीचं सावकाश बांधू."

"एक खोली कशी टाकायची?" मिस्त्री म्हणाले. "चासीवर निस्ती केबिन ठिवून गाडी रोडवर काढत्यात का कुटं? आदी फर्मा हुईल, मग घर."

"किती दिस लागतील फर्म्याला?"

"चार दिस."

फुटाला इंच असं माप धरून मिस्त्रींनी कामाला हात घातला. चार दिवसांत भिंती उभ्या राहिल्यासुद्धा. पण भिंती उभ्या राहिल्यावर त्यांना दारं बसवावीशी वाटली, आणि दारं बसवल्यावर ती उघडावीत असं वाटलं. मग टाचण्यांच्या बिजागऱ्या आल्या. शहाबादी फरशीची एक कपची घासून घासून त्यांनी स्वयंपाकघराचा ओटा केला. रोज सकाळी खाली उतरायचे, माझ्याकडचे तुकडे उचलायचे, बोटांत धरून निरखायचे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या बांधलेल्या माणसाला पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी करायला मिळालं होतं. चेहरा उजळला होता. कंबरदुखीचं नाव काढत नव्हते. लहान मुलासारखे रमले होते, आणि रमलेल्या माणसाला उठवायचं कुणी?

गल्लीतली माणसं बघायला येऊ लागली. कुणी मोबाइलवर फोटो काढून पाठवला, तर होटगीहूनही दोघेजण आले. भाभी सगळ्यांना चहा देत होत्या आणि मनातून जळत होत्या. मला ते दिसायचं, कारण कप परत न्यायला त्या खाली आल्या की हळूच विचारायच्या, "शेठ, तुमीच सांगा की त्यांना." मी सांगायचो. मिस्त्री मान डोलवायचे आणि पातळ प्लायचा तुकडा मागायचे.

गंमत अशी, आणि गंमत तरी कसली म्हणा, की त्यांनी केलेली प्रत्येक मोडतोड आपांसाठीच होती. चार पायांची काठी घेऊन आत जाता यावं म्हणून आपांच्या खोलीचं दार रुंद केलं. दार रुंद केल्यावर खाट आडवी मावेना, म्हणून भिंत सरकवली. रात्री लांब जायला नको म्हणून न्हाणीघर शेजारी आणलं, तर स्वयंपाकघर हललं आणि तो घासून केलेला ओटा पुन्हा घासावा लागला. प्लॉटवर जाऊन वारा कुठून येतो ते पाहून आले आणि रस्त्याकडची खिडकी मागच्या अंगाला नेली, धुरळा नको म्हणून. टेंभुर्णीच्या पडवीत धुरळा होताच. तो रोज आपांच्या छातीत जात होता, आणि इकडे प्लायच्या खोलीत धुरळा येऊ नये म्हणून महिना गेला.

ईदला दिराच्या मुलाने आपांना गाडीत घालून आणलं. जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून मिस्त्रींनी ते घरच खाली आणलं आणि माझ्या दुकानाच्या पायरीशी स्टुलावर ठेवलं. आपा खुर्चीत बसल्या. बाई किडकिडीत, पांढरा दुपट्टा, बोलताना मधेच श्वास घ्यायला थांबायची. मिस्त्रींनी छप्पर उचलून दाखवलं. आत तळहाताएवढी खोली, खाट, खाटेवर भाभींच्या जुन्या साडीच्या तुकड्याची गोधडी. आपांनी बोट घालून ती गोधडी सारखी केली.

"लई चांगली खोली केलीय, भाई," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "मी कदी यायचं?"

"बस, खिडकीचं तेवढं राहिलंय, आपा. खिडकी झाली की पाया खणायला घेतो."

आपांनी मान हलवली. भाभी दुकानाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्या रागाने बघत होत्या, पण मिस्त्रींकडे नाही, त्या घराकडे. परत जाताना आपांनी गाडीतून माझ्याकडे बघून हात केला, आणि मीसुद्धा, पुढच्या ईदला इथंच भेटू, असं म्हणालो.

खिडकी झाली, मग खिडकीवरचा छज्जा झाला. मग मिस्त्रींना वाटलं की आपांच्या खोलीतला पंखा फिरला पाहिजे. जुन्या खेळण्यातली मोटर काढून त्यांनी तो फिरवला. ज्या दिवशी फिरला त्या दिवशी पेढे घेऊन दुकानात आले होते. थंडी सुरू झाली होती, टेंभुर्णीच्या बाजूला उसाच्या गाड्या रात्रंदिवस चालल्या होत्या. तिकडून फोन यायचे, की आपाला बसून झोपावं लागतंय. भाभी जाऊन राहून आल्या. आल्यावर नवऱ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यानंतर मिस्त्रींनी एका ठेकेदाराला बोलावलं, त्याला ते घर दाखवलं, आणि गच्चीच्या जिन्याचा कठडा झाला की मोजमाप घेऊन जा म्हणून सांगितलं.

कठडा व्हायचा होता तेव्हाच आपा गेल्या. सकाळी फोन आला. मिस्त्री, भाभी आणि मी, तिघे माझ्याच गाडीतून गेलो. पडवीतली खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. दफन झालं, संध्याकाळी परत आलो. भाभींनी वाटेत एकदा फक्त पाणी मागितलं.

भाभी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिस्त्री मला पुढे म्हणाले. त्या भांडल्याच नाहीत. वेळेवर जेवायला वाढायच्या, औषधाची आठवण करायच्या. प्लायच्या घरावर त्यांनी चादर टाकली आणि ते तसंच कोपऱ्यात राहिलं. मिस्त्री माझ्याकडे येऊन बसत, पण तुकड्यांना हात लावत नसत.

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा आपणहून बोलले. "शेठ, लोक म्हणत्यात, तुमी तिच्यासाठीच करत हुता. मला म्हाईत हाय, कुणासाठी करत हुतो ते. सकाळी उटलं की हात शिवशिवायचे. तसं वरीस माझ्या जिंदगीत दुसरं न्हाई गेलं. मी लई खुश हुतो, शेठ. ती तितं श्वास मोजत हुती, आन् मी हितं खुश हुतो." माणसाची समजूत घालायची असते तेव्हा आपण काहीतरी खोटं बोलतो. मला त्या दिवशी खोटं सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्यांनी मानलं नसतं.

आपांच्या चाळीसाव्या दिवसाचं झाल्यावर त्यांनी पाया खणला. भाभी हो म्हणाल्या नाहीत, नकोही म्हणाल्या नाहीत. या वेळी मिस्त्रींनी एकच खोली काढली. गवंड्याने खिडकीची जागा विचारली, तर म्हणाले, तुला बरी वाटंल तितं ठिव. दार थोडं वाकडं बसलं, तेही त्यांनी तसंच राहू दिलं. रोज सकाळी सिटी बसने जायचे आणि ओल्या भिंतींना पाणी मारून यायचे.

स्लॅबखालचे टेकू काढले त्या दिवशी भाभी पहिल्यांदा प्लॉटवर आल्या. मीही बरोबर होतो. त्या आत गेल्या, चारी भिंतींकडे पाहिलं, वर पाहिलं. मिस्त्री बाहेरच्या अंगाला पाइप धरून उभे होते. नवऱ्याला त्यांनी काही विचारलं नाही. गवंडी घमेलं धूत होता, त्याला विचारलं.

"किती दिस लागले रे ह्याला?"

"दोन महिनं बी न्हाईत झाले, चाची. एका खोलीला काय लागतंय?"

भाभींनी ओल्या भिंतीला हात लावून पाहिला. "एवढंच काम हुतं व्हय," त्या म्हणाल्या.

बाहेर मिस्त्रींनी ते ऐकलं. भिंत केव्हाच भिजून चिंब झाली होती, तरी ते तिच्यावर पाणी मारत राहिले.