सोनकीच्या गाण्याचा नारळ

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर कुणीच ऐकलेली नाही. नवऱ्याने तर नाहीच — आणि खरं तर सगळ्यांच्या आधी त्यालाच सांगायला हवी होती. पण थांबा, आधी त्या खेळाबद्दल सांगू द्या. तो आठवला की अजूनही माझे पाय जमिनीवर राहत नाहीत!

दिग्रसला, माझ्या वडिलांच्या कापूस पिंजायच्या कारखान्याच्या, जिनिंगच्या आवारात, नाटक कंपनी उतरली होती. गाजलेल्या सिनेमांतल्या प्रेमकथा जोडून केलेला संगीत खेळ — आणि तोही जिवंत माणसांचा! रुसवेफुगवे, झाडाआडच्या भेटी, आणि गाणी तर विचारूच नका. दुपारचा खेळ खास बायकांसाठी. मुंगीला शिरायला जागा नव्हती.

एक गंमत मात्र बाहेर कुणाला ठाऊक नव्हती. नायिका नुसते ओठ हलवायची. गायची दुसरीच, पडद्यामागे बसून. सिनेमात तरी दुसरं काय करतात? नेमकी त्या दिवशी ती गाणारी तापाने फणफणली. मॅनेजर डोकं धरून बसला. मीच म्हटलं, आमची सोनकी गाईल की!

सोनकी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, माझ्याच वयाची. आईबरोबर जिनिंगमध्ये कामाला यायची. हॉटेलातल्या रेडिओवरची झाडून सगळी गाणी तिला पाठ. पेटीवाल्याने दोन ओळी ऐकल्या आणि स्वतःची सतरंजी तिच्यासाठी अंथरली.

आणि मग — काय गायली हो ती! मी शेजारी पाण्याचा पेला धरून उभी, अंगावर सरसरून काटा. बाहेर नुसता ‘वन्समोअर’चा गजर! तिसऱ्या वेळी नायिकेला ठसका लागला, आणि गाणं आपलं चालूच. बायका पोट धरधरून हसल्या. पुढच्या रांगेतली एक बाई हातात नारळ आणि खण घेऊन उठली.

“कोन गायलं वो? तिले समोर आना!”

सोनकी उठली. ओढणी सारखी केली, पाऊल टाकलं. आणि मी — मी तिच्या पुढून पडद्याबाहेर गेले.

“मीच गायली,” म्हटलं, आणि नारळ घेतला. मॅनेजर काय बोलणार? मी मालकाची मुलगी.

कितीतरी वर्षं मनाला समजावत आले — खेळात गायली म्हणून घरच्यांनी मारलं असतं, त्यापासून तिला वाचवलं म्हणून. साफ खोटं. तिला कुणाची भीती नव्हती. टाळ्या मला हव्या होत्या.

ती नारळवाली बाई बाभुळगावची. गाणारी सून हवी म्हणून महिन्याभरात तिने मला मागणी घातली. नवरा भला माणूस मिळाला. “एखांदं गानं म्हन ना,” म्हणायचा. मी घशाचं निमित्त काढायची. किती वेळा? शेवटी त्यानेच विचारणं सोडलं.

यंदा आमच्या शेतात कापूस वेचायला बाहेरून बायका आल्या, त्यांत सोनकी. मला पाहून ती हसली — अगदी मोकळं. वेचता वेचता गायला लागली. तोच गळा! नवरा शेताच्या बांधावर, धुऱ्यावर थबकला. त्याचा चेहरा नुसता उजळला होता.

“ऐकून राह्यली का? माय सांगते, तू अश्शीच गायली होतीस.”

खरं बोलायला याहून सोपी वेळ कुठली असणार?

“कायचं वो,” मी म्हटलं, “बेसूर गाते ते बाई.”

सोनकी दोन हातांवर होती. तिने गाणं थांबवलं आणि दिवस मावळेपर्यंत मुकाट्याने कापूस वेचला.