सासूबाईंनी भरलेली माझी प्रश्नावली

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझी धाकटी नणंद जालन्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. सुट्टीत गावी आली ती छापील प्रश्नांचा कागद घेऊनच. माणसांत वावरताना कुणाला किती भीती वाटते, ते म्हणे त्यावरून मोजता येतं. उत्तर ज्याचं त्यानं द्यायचं: कधीच नाही, कधी कधी, नेहमी.

मोजायला मी सापडले. पण शेजारी सासूबाई शेंगा फोडत बसलेल्या.

"चारचौघांसमोर जेवताना अवघडल्यासारखं होतं का?" नणंदेनं वाचलं.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "नेहमी. आमची सून माणसांसमोर घास उचलत न्हाई."

"परक्या माणसाशी बोलताना मान खाली जाते का?"

"नेहमी. लिव्ह बराबर."

"माय, मी तुला विचारून राह्यले का?"

"तिला विचारलं तर ती बोलणार हाय का?"

सगळ्या खुणा 'नेहमी'वर पडल्या. सासूबाईंच्या मते सून पहिल्या नंबरानं पास झाली. अन् मी बावळट, पदराआड खूश.

नणंद माझ्या मागे चुलीपाशी आली. "वहिनी, खरं सांगा. हे वळण हाय का भीती? भीती असंल तर आमच्या मॅडमकडं नेते तुम्हाला. त्या मदत करतील."

मला आदल्या महिन्यातली एसटी आठवली. माहेरचा फाटा अंबडच्या अलीकडं. "मास्तर, थांबवा," एवढंच कंडक्टरला म्हणायचं होतं. गाडी बाप्यांनी भरलेली. मी नुसता पदर सावरत राहिले. फाट्यावर न्यायला आलेली आई खिडकीतून दिसली अन् मागे पडली. अंबडच्या स्टँडवर सगळ्यांबरोबर मी मुकाट उतरले.

"वळणच हाय," मी नणंदेला म्हणाले, अन् मोठ्या ऐटीत भाकरी थापायला घेतली.

मंग आईला निरोप धाडला: फाट्यावर थांबू नको, स्टँडवरच ये, मला तिथं सोयीचं पडतं. गुडघे दुखत असताना ती दर खेपेला अंबडपर्यंत चालत यायची. आता या वयात मी एसटीत हाळी दिली की ड्रायव्हर दचकून ब्रेक मारतो अन् नातवंडं लाजतात. तेव्हा मात्र, पहिल्याच खेपेला, स्टँडच्या बाकावर पाय चोळत बसलेल्या आईला मी साळसूदपणे विचारलं, "लई चालावं लागलं का गं?"

"न्हाई," ती म्हणाली. मंग चपला घालता घालता, "त्या दिवशी फाट्यावरून मी हात केल्ता. तू पाह्यलं व्हतं ना?"

मी मान खाली घातली. नेहमीसारखी.